तिसरी पाटी

"एक गं विहीर, दोन घरांचा दोर
पाण्याला न ठाऊक, कोण साव कोण चोर"

आई पहाटे पाणी शेंदताना हे म्हणायची. आवाज बारीक होता तिचा. रिकामा पोहरा खाली जाताना ओळ लांबायची, भरलेला वर येताना आखडायची आणि पोहरा काठाला टेकला की तिथंच तुटायची. विहिरीच्या पलीकडच्या अंगाला शेजारच्या नारायणस्वामीची आई उभी असायची. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण ओळ संपली की तीही घशातल्या घशात सूर धरायची आणि आपला पोहरा सोडायची. गुंडो तेव्हा सात-आठ वर्षांचा. आता त्याची साठी जवळ आली होती. दोन्ही आया गेल्या, रहाट मोडून तिथं मोटर बसली, आणि ती ओवी आपण विसरलो असंच त्याला वाटत होतं.

टॉवरवर तिसरी पाटी लागली त्या चैत्रात ती अचानक कानात परत आली.

मद्रासच्या उत्तरेला, गुम्मिडिपूंडीच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांपासून मैलभर आत ते गाव. तंजावरकडून आलेलं मराठ्यांचं घर गावात एकच, गुंडोचं. घराला लागून मोगऱ्याचं वावर. वावराच्या शेजारी खडकाळ तुकडा होता, मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत राहणाऱ्या कुणा मालकाचा. शेळ्याही तिथं तोंड लावत नसत. सहा वर्षांपूर्वी त्याच तुकड्यात मोबाइलचा टॉवर उभा राहिला. त्याच्या कुंपणाला कंपनीच्या नावाची पहिली पाटी होती निळी. राखणीला दोन माणसं घेतली, विहिरीच्या दोन घरांतली. दिवसाला गुंडो, रात्रीला नारायणस्वामी. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला विहिरीच्या कठड्यावर किल्ली या हातातून त्या हातात जायची.

"घे तंबी, बायको सांभाळ," गुंडो धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणायचा.

"तुमचीच आहे अण्णे, दिवसभर झोपून राहते आणि रात्री माझ्यासमोर घोरते," नारायणस्वामी जनरेटरकडे बोट करून म्हणायचा. सहा वर्षं हाच विनोद. दोघंही रोज हसायचे.

दोन-तीन वर्षांनी टॉवरचा मालक बदलला. निळी पाटी गेली, हिरवी आली. टॉवर तोच, डोक्यावरचा लाल दिवा तोच. निळी पाटी गुंडोनं मागून घेतली आणि विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीला झाकण केलं. इंजिनियर मात्र तेव्हा तोच राहिला होता, रविकांत. नांदेडकडचा पोरगा, पहिल्या दिवशी कुंपणापाशी उभा राहून फोनवर मराठीत बोलत होता. गुंडो जवळ जाऊन म्हणाला होता, "तुम्ही आमचे की काय? कोठले?"

रविकांत दचकून बघतच राहिला. मग खो खो हसला. "मामा, हे कुठलं मराठी तुमचं? तीनशे वर्षं जुनं वाटतंय!" तेव्हापासून तो गुंडोला मामा म्हणू लागला. महिन्यातून एकदा येई, गुंडोच्या बायकोच्या, कनकाच्या हातचं आंबट सांबार पोळीशी खाई, आणि जाताना ओंजळभर कळ्या केळीच्या पानात बांधून नेई, आपल्या बायकोसाठी, विद्युलताबाईंसाठी.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात करंट जायला लागला. दिवसात कधी चार तास, कधी आठ. मोगऱ्याला चैत्र-वैशाखात पाणी नसलं तर कळी धरत नाही, धरली तर पिवळी पडते. करंट गेला की टॉवरचा जनरेटर सुरू व्हायचा आणि पत्र्याच्या खोलीत बॅटऱ्यांसाठी गार हवेची दोन यंत्रं घुरघुरायची. गुंडो स्टुलावर बसून ऐकायचा. एका भिंतीमागे गारवा, आणि दहा पावलांवर झाडं मान टाकून. एक दिवस जेवताना त्यानं रविकांतला विचारलं, की जनरेटरवरून मोटरीला एक वायर ओढली तर? रोज तासभर. रविकांतनं बोटं चाटली, थोडा विचार केला.

"तासभरच ना? ओढा मामा. कुणी विचारलं तर मी आहे."

गुंडोनं एकट्यानं दोन दिवस खणलं. हातभर खोल चर, कुंपणाखालून, नारळाच्या मुळ्या तोडत. तळहातांना फोड आले. तिसऱ्या दिवशी मोटर चालली तेव्हा नारायणस्वामीची बायको सरोजा पाटात उभी राहून पायावर पाणी घेत म्हणाली, "साहेबांचं घर भरू दे." एक दिवस गुंडोच्या झाडांना पाणी, एक दिवस नारायणस्वामीच्या. विहिरीची पाळी आईच्या काळापासून तशीच होती.

---

तिसऱ्या मालकाची माणसं चैत्रातल्या एका सकाळी दहाला आली. तिघं नवे आणि चौथा रविकांत. गुंडोला आनंद झाला. पुढं होऊन तो "या की" म्हणणार, तोच रविकांतनं हातातल्या कागदात डोकं घातलं आणि तमिळमध्ये विचारलं, "इथला वॉचमन कोण?"

जसं काही ठाऊकच नव्हतं.

"मी सार," गुंडो म्हणाला.

नव्या तिघांत एक जण म्होरक्या होता. तरुण, शर्ट खोचलेला, बुटांवर धूळ बसू नये म्हणून दगडादगडावरून चालणारा. त्याच्याजवळ पांढऱ्या चिकटपट्ट्यांचं भेंडोळं होतं, प्रत्येकीवर नंबर. नव्या मालकानं देशभरातले हजारो टॉवर एकगठ्ठा घेतले होते. काय काय घेतलं ते आता एकेक हात लावून बघायचं होतं. त्यांनी टॉवरच्या चार पायांना पट्ट्या लावल्या. जनरेटरला, बॅटऱ्यांना, फाटकाच्या कुलपाला, आगीसाठी टांगलेल्या वाळूच्या बादलीला. मग एकानं गुंडोच्या स्टुलालाही लावली.

स्टूल घरचं होतं. वेंकोबांनी, गुंडोच्या वडिलांनी, फणसाच्या लाकडाचं केलेलं. गुंडोचे ओठ हलले. एवढ्या मोठ्या माणसांपुढे एका स्टुलासाठी काय बोलायचं, असं वाटून त्यानं तोंड मिटलं. पट्टीवर अंगठा दाबून तो माणूस पुढं गेला.

जनरेटरच्या मागं म्होरक्या वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. मग हातानं माती उकरली आणि काळी वायर वर उचलली. वायरीच्या मागं मागं तो कुंपणापर्यंत गेला, पलीकडं बघितलं, विहीर दिसली, मोटरीच्या पेटीवर निळी पाटी दिसली.

"पेरियवरे," वडीलधाऱ्याला हाक मारावी तसं तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "हे कुणाचं काम?"

गुंडोनं रविकांतकडं बघितलं. रविकांत कागद वाचत होता. कागद एकच होता आणि तो मघापासून तोच वाचत होता. कानाची पाळी लालभडक झालेली.

"एक सांगून ठेवतो," म्होरक्या म्हणाला. "यापुढं प्रत्येक जागी एकच माणूस ठेवणार आहोत. रात्री कुलूप. दोघांतला कोण राहणार ते आजच लिहून न्यायचंय मला. म्हणून विचारतो. वायर कुणाची?"

जनरेटर बंद होता. वावरात कनका कळ्या खुडत होती. देठ तुटल्याचा टचटच आवाज इथवर येत होता. गुंडोच्या जिभेला आंबलेल्या ताकाची चव आली. रविकांत साहेबांचं नाव घेतलं तर साहेबांची नोकरी जाईल, असं त्याला वाटलं. निदान पुढं कितीतरी दिवस तो स्वतःला हेच सांगत राहिला.

"रात्रपाळीवाल्याला विचारा, सार," तो म्हणाला. आणि बोट गेलं. मागं, विहिरीपलीकडं, नारायणस्वामीच्या घराकडं, जिथं तो रात्र जागून झोपला होता.

रविकांतनं पहिल्यांदा मान वर केली. क्षणभर. मग पुन्हा खाली.

कानात आईचा आवाज आला तो त्याच वेळी. सगळी ओवी नाही. नुसती शेवटची ओळ, पोहरा काठाला टेकल्यासारखी तुटलेली.

---

नारायणस्वामीला दुसऱ्या दिवशी कंपनीच्या पोन्नेरीच्या हापिसात बोलावलं. दुपारी तो परत आला आणि विहिरीच्या कठड्यावर बसून पायातल्या चपला झटकल्या.

"काय सांगटले?" कनकानं मराठीतच विचारलं. इतक्या वर्षांत त्याला तेवढं कळायचं.

"विचारलं, वायरीचं पाणी घेतलंस का? मी म्हटलं, घेतलं. एक दिवसाआड. खोटं कसं बोलू? पाटात पाणी तर होतंच." तो हसला. "मग सही घेतली. म्हणाले, चोरी. मी म्हटलं, चोरी म्हणा."

गुंडोच्या हातात किल्ली होती. सहाला द्यायची ती किल्ली. ती हातात तापत होती.

"माझं... माझ्याविषयी काही?"

"तुमचं नाव मी कशाला घेईन अण्णे? एकालाच ठेवणार होते. एका घराची चूल तरी पेटती राहू दे. साहेबांनी तुम्हाला दिलेला शब्दही नाही सांगितला. गरीब पोरगा आहे तो." त्यानं चपला परत घातल्या. "मला फक्त एक कळलं नाही. थेट माझ्याच घराकडं कसे काय वळले ते?"

गुंडोनं किल्ली दुसऱ्या हातात घेतली. नारायणस्वामी उत्तरासाठी थांबलाही नव्हता. तो उठून गेला होता.

हिरवी पाटी उतरली, पांढरी चढली. वायर कापून तिचं भेंडोळं गाडीत टाकून नेलं. निळी पाटीही नेली. मोटरीची पेटी उघडी पडली. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही: नारायणस्वामीनं कंपनीचा करंट चोरला. चहाच्या टपरीवर त्याला बघून कुणीतरी म्हणे, "दिवा बंद करा रे, घेऊन जाईल." त्यावर तोही हसे, इतरांपेक्षा जरा मोठ्यानं.

सरोजा मात्र हसली नाही. तिच्या पाळीच्या दिवशी करंट असला तरी तिनं मोटर लावणं सोडलं. मोटरीच्या बटणाला ती बोट लावत नसे. जुना दोर काढून, पोहऱ्यानं शेंदून, घागरीनं एकेका झाडाला पाणी घालायची. वावरातून गुंडोला तिची वाकलेली पाठ दिसायची. पोलक्याला घामाचा पांढरा मिठाचा डाग. घागरीमागं घागर.

"लाव गं मोटर, करंट आहे की," कनकानं एकदा हाक मारली.

"नको अक्का. हातांची सवय बरी. हातांना कोणी काही म्हणत नाही."

नारायणस्वामी गुम्मिडिपूंडीच्या एका लोखंडाच्या कारखान्यात लागला. तापलेल्या सळ्या चिमट्यानं ओढायचं काम. पंचविशीतल्या पोरांचं काम ते. हा पंचावन्न उलटलेला. वैशाखाच्या शेवटी त्याचा उजवा हात पोळला. कोपरापासून पंजापर्यंत कापूस-पट्टी बांधून तो घरी आला तेव्हा बोटांची टोकं तेवढी बाहेर होती, उकडलेल्या शेंगांसारखी.

गुंडो बघायला गेला. दारातच उभा राहिला.

"आत या की अण्णे," नारायणस्वामी म्हणाला. "असं परक्यासारखं काय? स्टूल घे गं सरोजा."

स्टूल हा शब्द ऐकून गुंडो उंबऱ्यावरच बसला.

---

"ऐकलांत की," कनका त्या दिवशी जेवायला वाढताना म्हणाली. "त्या साहेबाला जाऊन सांगा. शब्द त्यानं दिला. त्यानं एक वाक्य बोललं तर ह्या माणसाचं नाव धुवून निघेल. नोकरी नको, नाव तरी."

"सांगटो."

"केव्हां? हात गळून पडल्यावर?" मग ती थांबली. त्याच्या तोंडाकडं बघितलं. "तुम्ही मला सगळं सांगटलांत ना हो?"

त्यानं भाताचा घास गिळला. "सगळं म्हणजे काय गं. सांगटलंय की."

दुसऱ्या दिवशी पहाटे कनकानं ओल्या केळीच्या पानात कळ्या बांधल्या. गुंडो गाडीनं मद्रासला उतरला, तिथून बस. शोळिंगनल्लूर येईपर्यंत अकरा वाजले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती. उन्हात त्यांच्याकडं बघवत नव्हतं. एका काचेवर त्या पांढऱ्या पाटीवरचंच चिन्ह होतं, घराएवढं मोठं.

फाटकावरच्या राखणदारानं त्याला बाजूला केलं. अंगात गुंडोच्या राखणीच्या शर्टासारखाच खाकी शर्ट, पण इस्त्रीचा. "कुणाकडं? कुठल्या कंत्राटदाराकडून?"

"रविकांत साहेब. मी... त्यांचा मामा."

राखणदारानं त्याच्या भेगाळलेल्या टाचांकडं, धोतराच्या काठाकडं बघितलं. खात्री न पटल्यासारखं हसला. तरी फोन लावला. "सार, तुमचे मामा आलेत म्हणतात." फोन ठेवून त्यानं फाटक उघडलं.

आत थंडगार दिवाणखान्यात त्याला पाऊण तास बसवलं. मऊ खुर्चीत तो रुतला होता आणि उठायची भीती वाटत होती. बॅटऱ्यांच्या खोलीतली तीच हवा ही, त्यानं वासावरून ओळखली. मांडीवरच्या पुड्यातल्या कळ्या गारव्यानं करपून कडेला तांबूस होत होत्या.

रविकांत आला तो घाईघाईत. दंडाला धरून त्याला बाहेर, रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यापाशी घेऊन गेला.

"मामा, इथं यायला नको होतं तुम्ही. फोन करायचा."

"विद्युलताबाईंना," गुंडोनं पुडा पुढं केला. रविकांतनं तो घेतला आणि कुठं ठेवावा न कळून हातातच धरून राहिला.

"साहेब, त्या नारायणस्वामीचं... तुम्ही बोललात तर... शब्द तुमचा होता म्हणून."

रविकांतनं चहा उगाच ढवळला. आता त्याच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. "मामा, तीन मालक झाले. प्रत्येक वेळी टॉवर मोजतात तसं आम्हालाही मोजतात. आमच्या हापिसातले अर्धे गेले. मी राहिलो तो का राहिलो, तुम्हाला माहीतच आहे." त्यानं आवाज खाली आणला. "त्या दिवशी तुम्ही रात्रपाळीवाल्याकडं बोट केलंत म्हणून. नाहीतर चौकशी माझ्यापर्यंत आली असती. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, मामांनी वाचवलं. तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

रस्त्यावरून बस गेली. धूळ चहात बसली.

"उपकार नका म्हणू," गुंडो म्हणाला.

"आणि एक सांगू? जाऊन सांगून उपयोग काय आता? आवणी महिन्यापासून, म्हणजे ऑगस्टपासून, तुमच्यासारखी सगळी माणसं काढणार आहेत. कुलपालाच घंटी बसवणार. तुमचीही जागा राहत नाही. मग कशाला उगाच स्वतःच्या अंगाला चिखल लावून घ्यायचा? गप्प राहा. विसरतात लोक."

परतीच्या बसमध्ये गुंडोला खिडकीची जागा मिळाली. विसरतात लोक. सांगून काही फायदा नाही हे ऐकून आपल्याला मघाशी हलकं वाटलं, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि मग तो खिडकीबाहेर बघू शकला नाही. स्वतःच्या गुडघ्यांकडंच बघत बसला.

घरी कनकानं विचारलं, "काय म्हणटला?"

"बघतो म्हणटला."

---

आडी महिन्यात, आषाढ-श्रावणाच्या सुमाराला, गावच्या अम्मनचं, देवीचं, करगम निघतं. पितळेचा कलश पाण्यानं भरायचा, वर कडुनिंब, मोगऱ्याच्या फुलांचा उंच तुरा, शेंड्याला लिंबू. तो डोक्यावर घेऊन, हात न लावता, विहिरीपासून देवळापर्यंत चालायचं. पाणी नेहमी गुंडो-नारायणस्वामीच्या विहिरीचं. ज्या विहिरीचं पाणी, तिच्या घरातलाच माणूस उचलणार, असा रिवाज. गुंडोच्या वडिलांचे गुडघे गेले तेव्हापासून नारायणस्वामीचं घर उचलत आलं होतं. आधी बाप, मग तो. वीस वर्षांत त्याच्या कलशातलं पाणी भुईवर सांडलं नव्हतं.

देवळाचा कारभार बघणारे धर्मकर्ते दोघा म्हाताऱ्यांना घेऊन गुंडोच्या ओट्यावर आले.

"या साली नारायणस्वामी नको," धर्मकर्ते पानाला चुना लावत म्हणाले. "चोरीचं नाव लागलेला माणूस. गावाला बरं वाटत नाही. विहीर तुमचीही आहे. करगम तू उचल, राव."

"मी... मला येत नाही."

"शिकशील. साफ माणूस हवा, एवढंच. तुझ्याबद्दल गावात दोन तोंडं नाहीत."

गुंडो नाही म्हणू शकला असता. नाही म्हटलं तर का म्हणून विचारलं असतं. तो बसून राहिला, आणि त्यांनी त्याच्या मनगटाला हळदीचा दोरा बांधला. आठ दिवस एक वेळ जेवायचं, भुईवर झोपायचं, पायात घालायचं नाही, खोटं बोलायचं नाही. धर्मकर्त्यांनी हे सगळं एका दमात सांगितलं, रोजचंच असल्यासारखं. कनका दाराआड उभी होती. ती दोऱ्याकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणस्वामी आपण होऊन आला. डाव्या हातात रिकामी घागर.

"चला अण्णे. चालायला शिकवतो. माझं गेलं तर गेलं, अम्मनचं पाणी सांडायला नको."

सात दिवस तो शिकवत राहिला. वावराच्या बांधावरून गुंडो डोक्यावर घागर घेऊन चालायचा आणि मागून नारायणस्वामी. "मान ताठ नको, सैल. पाण्याला आधी जाऊ द्या, तुम्ही मागून जा. पायाकडं बघू नका. समोर टॉवर आहे ना? त्याच्या लाल दिव्याकडं बघा. मी वीस वर्षांतली सहा वर्षं त्याच्याकडंच बघत चाललोय." पट्टी बांधलेल्या हाताच्या टोकांनी तो गुंडोची हनुवटी वर करायचा. औषधाचा आणि जळक्या कातड्याचा वास यायचा. पहिल्या दिवशी घागर तीनदा पडली. दोघं ओलेचिंब झाले आणि नारायणस्वामी पोट धरून हसला. "म्हातारपणी पोहायला शिकवतोय की काय मी तुम्हाला!"

गुंडोही हसायला गेला. तोंड धुतल्याचं निमित्त करून तो विहिरीवर वाकून राहिला. खाली पाण्यात त्याचं तोंड होतं, आणि त्याच्या मागं टॉवर, उलटा.

सातव्या दिवशी पाणी सांडलं नाही.

"झालं," नारायणस्वामी म्हणाला. घागर उतरवून घेताना त्याची नजर टॉवरकडं गेली आणि तिथंच राहिली. "बरं झालं अण्णे, तुमच्याकडंच आलं. दुसऱ्या कुणी उचललं असतं तर मला बघवलं नसतं."

---

आठव्या दिवशी सकाळी सात वाजता विहिरीवर गाव जमला. पंबई, देवीचा जोडढोल, वाजत होती. तिचा घुमारा छातीत घुसत होता. ऊन कोवळं, पण जमीन तापायला लागलेली. अनवाणी तळव्यांना गुंडोला प्रत्येक खडा कळत होता. कनकानं पहाटे खुडलेल्या कळ्यांचा तुरा बांधला होता. त्या वायरीच्या पाण्यानं गेल्या उन्हाळ्यात जगलेलीच झाडं ही; त्यांच्याच कळ्या.

धर्मकर्त्यांनी कलश विहिरीत सोडला. यंत्राचं पाणी चालत नाही, दोरानंच काढायचं. दोर सरोजाच्या घरचा होता. तो आणून देऊन ती बायकांच्या मागं, अगदी शेवटी जाऊन उभी राहिली होती, पदर कपाळापर्यंत ओढून. दोर उतरत गेला. गुंडोनं कान टवकारले. पण आईचा आवाज आला नाही. नुसतं पाणी वाजलं.

हळदीच्या कापडाची चुंबळ नारायणस्वामीच वळत होता. दुसऱ्या कुणाला तशी वळता येत नव्हती. पोळलेल्या बोटांना पीळ देता येईना, म्हणून एक टोक दातात धरून, डाव्या हातानं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "चोराच्या हातची चुंबळ चालते का?" दोघं-तिघं हसले. नारायणस्वामीच्या दातातलं कापड क्षणभर थांबलं. मग पुन्हा पीळ बसायला लागला.

"वाका अण्णे," तो म्हणाला.

गुंडो वाकला. चुंबळ डोक्यावर बसली. ओली, गार. नारायणस्वामीनं पट्टीच्या मनगटानं ती नीट केली, कपाळावरचे केस मागं सारले, लहान भावानं मोठ्याचे सारावेत तसे. धर्मकर्त्यांनी कलश उचलला. पंबईवाल्यानं हात वर नेला. मोगऱ्याचा वास अगदी नाकाशी आला.

गुंडोनं दोन्ही हात वर केले आणि कलश अडवला.

"मी," तो म्हणाला. पुढचं सगळं मराठीत निघालं, आईच्या मराठीत. गावाला काहीच कळलं नाही. कुणाला वाटलं मंत्र म्हणतोय. कनकाला मात्र कळलं. तिनं तोंडावर पदर धरला आणि खाली बघितलं. पण हलली नाही, त्याला थांबवलंही नाही.

पंबई थांबली.

त्यानं चुंबळ डोक्यावरून काढली. नारायणस्वामीच्या डाव्या हातात ठेवली आणि ती ठेवतानाच आपल्या मनगटावरचा हळदीचा दोरा दिसला. मग त्यानं गावाच्या भाषेत, मागं सरोजापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, पुन्हा सांगितलं:

"वायर मी मागितली. चर मी खणला, एकट्यानं. आणि कंपनीच्या नव्या माणसानं कुणाची म्हणून विचारलं तेव्हा, तंबी, तू झोपला होतास, आणि तुझ्या घराकडं बोट केलं ते मी."